पिळून काढलेली कणसं

नदीकाठच्या एका गावात एक आई होती आणि तिला झोप लागत नसे.

दिवसभर राबून ती दमायची, पण डोळे मिटले की प्रश्न सुरू व्हायचे. सकाळची पेज फार पातळ झाली का? पाण्याला उकळी आली होती की नुसतं कोमट झालं होतं? लेकीचे ओठ आज जरा पांढरेच दिसले, की उजेडच तसा होता? एक प्रश्न सुटला की दुसरा रांगेत उभाच असायचा.

कारणही तसंच होतं. तिची सात वर्षांची लेक बकुळ फाल्गुनात जत्रेहून आली ती तापानं फणफणत. ताप आठवड्यात उतरला, पण जाताना पोरीची भूक घेऊन गेला. जत्रेतल्या भज्यांनीच हे केलं, असं आईनं ठरवून टाकलं. वैद्य म्हणाले, तसं काही नाही. आईनं त्यांचं सगळं ऐकून घेतलं आणि घरी येऊन कढई माळ्यावर टाकली. त्या दिवसापासून घरात उकडलेलं, वाफवलेलं आणि बेताचं तेवढंच शिजू लागलं. तेल थेंबानं आणि मीठ चिमटीनं पडायचं. बकुळ ताटाकडे बघायची आणि भिंतीकडे तोंड करून बसायची. चैत्र संपला तेव्हा तिच्या हातातली बांगडी कोपरापर्यंत सरकत होती.

गावाबाहेर, नदीचं पाणी ओसरलं की मागे उरणाऱ्या गाळाच्या जमिनीवर, म्हणजे मळईवर, एक म्हातारा राहायचा. सगळे त्याला आबा म्हणत. उन्हाळ्यात तो तिथं मका लावायचा. त्याची कणसं इतकी गोड असायची, की कच्चा दाणा नखानं दाबला तरी दूध उडायचं. गेल्या हिवाळ्यात त्याची बायको वारली. त्यानंतरचं हे पहिलंच पीक.

आजारी पोरीचं त्याच्या कानावर आलं. एका सकाळी तो पाच कणसं घेऊन दारात उभा राहिला.

"पोरीला द्या. आवडली तर आणखी आणीन," एवढंच तो म्हणाला आणि निघाला. पाणी घ्यायलाही थांबला नाही.

आता त्या गावची एक रीत सांगायला हवी. तिथं तोंडानं आभार मानायची पद्धत नव्हती. कोणी कणसं दिली, की दाणे खाऊन उरलेली रिकामी कणसं तिसरा दिवस मावळायच्या आत देणाऱ्याच्या दारी नेऊन टाकायची. तो ती उन्हात टाकी आणि वाळली की चुलीत घाली. कणसं परत आली, म्हणजे घरच्यांना गोड लागली. नाही आली, तर पुन्हा पाठवायची नाहीत. कोणी विचारत नसे, कोणी रागावतही नसे.

आईनं कणसं सोलली, किसली, अर्धा चमचा तुपात जिरं आणि मिरचीचा एकच तुकडा टाकून कीस परतला, वर दूध घातलं आणि झाकण ठेवून वाफ दिली. वासानं बकुळ भिंतीकडून वळली. मग उठून चुलीपाशी आली.

"आई, हे कोणासाठी आहे?"

"तुझ्यासाठीच गं."

"सगळं?"

तिनं वाटी संपवली. दुसरी मागितली. मग बोटानं पातेलं पुसून काढलं. आई पदर तोंडाशी धरून बघत राहिली. जरा रडून झाल्यावर तिच्या मनात आलं, की रिकाम्या कणसांतही काही कस उरला असेल. मग तिनं ती पाचही पाण्यात टाकून दुपारपर्यंत उकळली आणि त्याचं सार केलं. बकुळनं तेही प्यायलं.

राहिली ती पाच कणसं. ती पार गळून गेली होती, राखाडी, लिबलिबीत, हातात घेतली तर पाणी ठिबकत होतं.

"चल ना, आबांना देऊन येऊ," बकुळ म्हणाली.

"अशी? अगं, दिसतात कशी ती! म्हणतील, पोरीच्या आईनं शेवटचा थेंबसुद्धा पिळून घेतला. वाळू देत, मग नेऊ."

शेजारीण कुंपणापलीकडून ऐकत होती. ती म्हणाली, "वाळवायचं काम त्यांचं गं. तू आपली ओलीच नेऊन टाक. तुझं म्हणजे लग्नाला जायचं आणि तयारी होईतो वरात परत यायची!"

"नेते ना. नुसती कणसं काय द्यायची? त्यांनाही थोडा कीस करून नेते."

त्याच संध्याकाळी मळईवर आबा एका कोळ्याजवळ बसला होता. कोळी जाळं विणत होता.

"त्या घरची कणसं परत आली तर पुढच्या साली पेरीन," आबा म्हणाला. "नाही आली तर नदीपलीकडे पुतण्याकडे जाईन. तो कधीचा बोलावतोय. एकट्यासाठी चूल पेटवायचा कंटाळा येतो रे."

"एका घरावर कसलं ठरवताय आबा? गावात घरं थोडी आहेत?"

"बाकीचे धट्टेकट्टे. ते काहीही खातील. आजारी लेकराच्या जिभेला लागलं नाही, तर मग मी पिकवायचं कोणासाठी?"

"मग मी जाऊन सांगतो त्या ताईंना."

"खबरदार. मागून घेतलेल्या कणसांना काय अर्थ?"

दुसऱ्या दिवशी आईनं दुसऱ्या मळ्यातून दोन कणसं आणून आबासाठी कीस केला. बकुळनं झोपेत कूस बदलली तशी ती बघायला धावली आणि कीस खाली लागला. करपलेलं कसं द्यायचं? रिकामी कणसं अंगणात सुपात पडली होती. आतून अजून ओलीच होती.

तिसऱ्या दिवशी तिनं आणखी कणसं आणून पुन्हा केला. मीठ जास्त पडलं. म्हणजे पडलं असावं, असं तिला वाटलं. शेजारणीला चाखवला तर ती म्हणाली, "छान झालाय, जा आता." पण शेजारीण चांगल्या मनाची होती, ती छानच म्हणणार. आईनं तिसऱ्यांदा केला. तो जमला तेव्हा सूर्य डोक्यावर आला होता.

"आई, मी पळत नेऊन देते," बकुळ म्हणाली. आता तिच्या आवाजात जरा जोर आला होता.

"या उन्हात? वेड लागलंय का? नुकती बरी होतेयस."

"मग तू जा."

"आणि तुला एकटीला सोडू? उद्या सकाळी गार वेळेला दोघी जाऊ. एका दिवसानं काय बिघडतं?"

नदी काही लांब नव्हती. भात शिजायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात जाऊन येता आलं असतं.

चौथ्या दिवशी उजाडताच त्या निघाल्या. आईच्या टोपलीत पाच कणसं होती, आता खडखडीत वाळलेली, ओळीनं लावलेली. शेजारी पहाटे उठून पुन्हा केलेला ताजा कीस केळीच्या पानात झाकलेला होता. वाटेत तिनं तो दोनदा उघडून बघितला.

मळईवर मका उभा नव्हता. कापलेल्या बुडख्यांत चार शेळ्या फिरत होत्या. झोपडीला दार नव्हतंच, आत डोकावलं तर चूल सारवलेली होती आणि तिच्यात राखेचा कणही नव्हता. पाणी प्यायचं मडकं पालथं घातलेलं होतं.

कोळी जाळं खांद्यावर टाकून येत होता. टोपली बघून तो जागीच थांबला.

"काल दिवेलागणीपर्यंत वाटेकडे बघत बसले होते हो," तो म्हणाला. "मग चूल सारवली. आज तांबडं फुटायच्या आधी गेले." आणि त्यानं सगळं सांगितलं, एका घरावर ठेवलेली पैज, पुतण्या, सगळं.

"अहो, पण तिनं खाल्लं!" आई म्हणाली. "सगळं खाल्लं. पातेलं पुसून खाल्लं. दोन महिन्यांत पहिल्यांदा!"

"एवढंच ऐकायचं होतं त्यांना," कोळी म्हणाला आणि पाण्याकडे गेला.

आई झोपडीच्या तोंडाशीच गाळात बसली. टोपलीतली कणसं तिनं एकेक करून सारवलेल्या चुलीजवळ मांडली, मग परत उचलली. पेटवणारं कोणी नव्हतं. कीस गार झाला होता. शेळ्या जवळ आल्या, वास घेऊन निघून गेल्या. ऊन चढलं तरी तिला उठावंसं वाटेना. इतक्या रात्री तिनं जागून काढल्या होत्या आणि त्यातली एकही या म्हाताऱ्यासाठी नव्हती.

परत फिरताना लेकीला यातून काहीतरी शिकवावं, असं तिच्या मनात आलं. आईच ती. शब्द जुळवेपर्यंत अर्धी वाट सरली. मग बकुळचा हात धरून ती म्हणाली,

"हे बघ बाळ, याचं तात्पर्य असं: आपल्यासाठी कोणी काही केलं, तर आपलं सगळं नीटनेटकं होईपर्यंत थांबू नये. आभार ओबडधोबड असले तरी चालतात, पण ते लगेच पोचवावेत. चांगलं रांधून खाऊ घालण्याइतकंच तेही जपून करावं. कळलं ना?"

बकुळनं मान हलवली. चार पावलं चालली. मग थांबून म्हणाली, "कळलं. पण आई, हे मला का सांगतेस? आबांना जाऊन सांग ना. ते काही मेले नाहीत, नुसते पलीकडे गेलेत."