क्रुसाखालची डोणी

एक होता बागवान, त्याचं नाव इनास. समुद्रकाठच्या गावात त्याची केळीची वाडी होती. वाडीच्या टोकाला विहीर होती, विहिरीवर रहाट होता. रेडा गोल फिरला की रहाट फिरे, आणि गाडग्यांची माळ पाणी घेऊन वर येई.

ही विहीर इनासच्या बापाने खणली होती, बरं का. खणताना काळा कातळ लागला. तीन महिने पहार चालली, पण ओल म्हणून दिसेना. मग बाप कातळावरच गुडघे टेकून म्हणाला, "देवा, पाणी दे. रोज सकाळचं पहिलं पाणी वाटसरूंचं. त्यांना पाजल्याखेरीज माझ्या केळींना थेंब देणार नाही." तो उठला, आणि जिथे त्याचे दोन गुडघे टेकले होते, तिथूनच दोन झरे फुटले.

मग बापाने वाटेवर क्रूस उभारला आणि क्रुसाखाली दगडी डोणी बसवली. विहिरीचा पाट आधी क्रुसापाशी येई, तिथल्या भोकातून डोणी भरे, आणि मगच पाणी केळींत जाई. वाटसरू पीत, गुरं पीत, कावळेसुद्धा पीत. मरताना बाप एवढंच म्हणाला, "इनास, पहिलं पाणी आपलं नाही." इनासने मान हलवली.

पहिलं वर्ष त्याने ते पाळलं. दुसऱ्या वर्षी आठवलं तर पाळलं. तिसऱ्या वर्षी त्याला वाटलं, लोक आधी पितात आणि माझ्या केळी वाट पाहतात, हा कुठला न्याय? त्याने केळीचा एक गड्डा घेतला आणि डोणीच्या भोकात ठोकून बसवला.

रोज सकाळी रेजीन मावशी मासळीची पाटी घेऊन बाजाराला जाई आणि त्या डोणीवर तहान भागवी. तिने कोरडी डोणी पाहिली, ठोकलेला गड्डा पाहिला. दुसऱ्या दिवसापासून ती खाडीच्या लांबच्या वाटेने जाऊ लागली. मग बाकीच्यांनीही वाट बदलली, आणि क्रुसाभोवती गवत माजलं.

अशी सात वर्षं गेली. मग एका सकाळी काय झालं, पाणी पाटातून धावलं आणि क्रुसापाशी येऊन थांबलं. अडलं नाही हं, थांबलं! पुढे उतार होता, पाट मोकळा होता, तरी पाणी काचेसारखं उभं राहिलं. मागून येणारं पाणी निमूटपणे विहिरीत परतलं.

इनासने पाट खोल केला. पाणी हललं नाही. मग त्याने नवा रेडा जुंपला. पाणी हललं नाही. पानं पिवळी पडली, कोवळे घड गळू लागले. मग त्याने आपल्या उंचीची मेणबत्ती बनवून घेतली आणि देवळाकडे निघाला.

बायको पास्कीन म्हणाली, "अहो, मेणबत्ती तुमच्याएवढी केलीत, पण देवाने ती मागितली होती का? तीन लेकरांचं पोट या वाडीवर आहे. मागितलं असेल ते द्या."

इनास गेला. वेदीपुढे मेणबत्ती लावली. वारा नव्हता. बाकीच्या ज्योती सरळ उभ्या होत्या. पण इनासची ज्योत हळूहळू आडवी झाली आणि बोटासारखी लांब होऊन क्रुसाच्या वाटेकडे दाखवू लागली.

इनासच्या अंगावर काटा आला. तो धावत क्रुसापाशी गेला. सात वर्षांचा कुजलेला गड्डा त्याने दोन्ही हातांनी उपसून काढला. डोणी काठोकाठ भरली. पण पाणी पुढे जाईना!

"देवा, तुझं तुला दिलं की," म्हणत तो डोणीत वाकला. तर पाण्यात त्याचा चेहरा नव्हता. रेजीन मावशीचा होता, ओठ सुकलेला.

मग तो काय करतो? तडक खाडीच्या वाटेने पळत सुटला.

"मावशी, पाणी प्यायला चल."

"का रे इनास, केळी पिऊन उरलं वाटतं?"

"उरलेलं नव्हे, मावशी. पहिलं आहे. सात वर्षं तुझंच होतं, मी अडवून धरलं. चुकलो मी."

"माझे गुडघे झिजले रे या वाटेने."

"पाटी मला दे."

"अरे, मासळीचं पाणी गळेल अंगावर! गाव हसेल."

"हसू दे."

इनास पाटी डोक्यावर घेऊन पुढे, मावशी मागे. क्रुसापाशी आल्यावर तिने कपाळावर क्रुसाची खूण केली, ओंजळ भरली आणि प्यायली. तिचा पहिला घोट घशाखाली उतरला, त्याच क्षणी पाटातलं पाणी थरथरलं आणि खळखळत केळींकडे निघालं. इनासने जमिनीवर डोकं टेकलं.

त्यानंतर तो घरोघर जाऊन सगळ्यांना बोलावून आला. वाट पुन्हा वाहती झाली, वाडी हिरवी झाली, लेकरं पोटभर जेवली. रोज सकाळी डोणी भरली की इनास वाटेवर उभा राही, आणि कोणीतरी पिईपर्यंत केळींकडे पाहतसुद्धा नसे. सारी सुखात राहिली.

झालं. आता तो उशाचा तांब्या आधी धाकट्याला दे, मग तू पी. आणि हात जोडून निजा बघू.