तुळाजीरावांची धडक

एडके भाषणं ठोकायचे, त्या काळची ही गोष्ट. माळावरच्या मेंढवाड्याला लाकडी कुंपण होतं. पलीकडे गोड पाण्याचं तळं होतं, आत मात्र चिखलाचं डबकं. शेवटी तुळाजीराव एडक्यांनी जाहीर केलं, "हे कुंपण मी एकटा पाडणार!"

ते रोज सकाळी आधी भाषण करत, मग कुंपणाला धडक मारत. भाषण इतकं लांबायचं की मेंढ्यांची पाठ अवघडायची. गोचिडांनी खाज तर सुटलेलीच असायची. मग त्या खांबांना पाठ घासत घासत ऐकत.

"मी तुम्हाला मुक्त करीन!" तुळाजीराव गरजत.

"करा की," म्हातारी ठमी मेंढी म्हणे, आणि दुसरी कूस खांबाला लावी.

असं वर्षभर चाललं. एका सकाळी तुळाजीरावांनी धडक मारली आणि कुंपण धाडकन आडवं झालं! कोपऱ्यातला एक खांब तेवढा उरला. मेंढ्यांनी तुळाजीरावांना झेंडूचा हार घातला आणि मिरवणुकीतच खाऊनही टाकला.

कीर्ती ऐकून शेजारच्या वाड्याने त्यांना बोलावलं. तिथल्या मेंढ्या भारी शिस्तीच्या. कुंपणापासून लांब, रांगेत बसून त्यांनी भाषण ऐकलं. संध्याकाळी तुळाजीराव कपाळावर टेंगूळ घेऊन परतले.

"तिथलं लाकूड फार चिवट," ते कण्हत म्हणाले.

"पुढच्या वेळी आम्हालाही न्या," ठमी म्हणाली. "तुमचं भाषण सुरू झालं की आम्हाला जास्तच खाज सुटते."

एवढं बोलून ती उरलेल्या खांबाला टेकली. तो पडला.