चाळणीवाली अळंबी

“मग हिला कुठल्या कुळात बसवू, बाबा?”

लालसूनं विचारलं खरं, पण उत्तर त्याच्या वहीत आधीच लिहिलेलं होतं. टोपलीतली एक अळंबी काढून त्यानं झोपडीत चुलीपाशी बसलेल्या चैतूबाबांच्या पुढ्यात ठेवली. भाजलेल्या भाकरीच्या रंगाची छत्री, खाली मुसळासारखा जाड देठ.

चैतूबाबांनी सारा जन्म टेकडीवरच्या सालवृक्षांच्या रानात काढलेला. लालसू तीन पावसाळे त्यांच्यामागं हिंडत होता. वही भरत आली होती, आणि वहीबरोबर तोही जरा फुगला होता.

“तूच सांग,” बाबा म्हणाले.

“छत्री उलटी केली की खाली एक तर झालर असते, नाहीतर चाळणीसारखी भोकं. विष असतं ते झालरवालीत. ही चाळणीवाली. चाळणीच्या कुळात विष नाही.”

“कुणी सांगितलं?”

“मीच ठरवलं. पंधरा जाती पाहिल्या. सगळं वहीत आहे.”

“वहीत आहे होय... अळंबीनं वाचलीय का ती?”

लालसू हसला. बाबा हसले नाहीत. त्यांनी नखानं छत्री चिरली. आतला गर पिवळा निघाला. दोघं बघत राहिले. बघता बघता चिरेच्या कडेनं शाई झिरपावी तसा निळा रंग चढत गेला.

“अशी निळी पडणारी होती का तुझ्या पंधरांत?”

“...नव्हती.”

बाबांनी एक फोड निखाऱ्यावर भाजली, पळसाच्या पानावर ठेवली आणि पान त्याच्यापुढं सरकवलं.

“तोडणाऱ्यानं आधी खायचं, गावानं मग. रीत ठाऊक आहे ना?”

“आहे.”

“मग खा.”

लालसूनं फोड उचलली. वास तर चांगला होता. हात ओठांजवळ आला, आणि तिथंच राहिला.

“का रे?”

“निळी पडली म्हणून काही विषारी ठरत नाही, बाबा... पण...”

“पण?”

लालसूची नजर दारातून टेकडीखाली गेली होती. तिथं त्याचं घर. कौलांतून धूर वर चढत होता. सकाळी निम्मी टोपली त्यानं आईच्या सुपात ओतली होती.

बाबांनीही धुराकडं पाहिलं.

“आईला काय सांगून आलास?”

“शिजव म्हणालो. खात्रीची आहे.”

“आणि तुझी आई भाजीचं मीठ कसं बघते रे?”

म्हातारा भलतंच काय विचारतो, असं लालसूला वाटलं. मग त्यानं पुन्हा धुराकडं पाहिलं.

“चाखून...”

फोड हातातून पडली. तो उठला. वही तिथंच राहिली. दारापर्यंत गेला आणि वळला.

“बाबा, तुम्हाला ठाऊक असेल. तुम्ही तरी सांगा... ही विषारी की कशी?”

“पळ,” बाबा म्हणाले. “तुझा हात कुठं थांबला, तेवढं आईला सांग. कूळ उद्या शोधू.”