चाळिसावी प्रत

त्या राज्यात सत्तेवर टीका करायला बंदी नव्हती. टीका चाळीस प्रतींपुरती असावी, एवढाच नियम होता. एकेचाळिसावी प्रत निघाली तर तो राजद्रोह.

नियम खरं तर एका आठ पायांच्या कोळिणीसाठी केलेला होता, कारण राज्यात चित्रं छापणारी ती एकटीच. लाकडी चौकटीवर ती बारीक जाळं विणायची, जिथून रंग उतरायला नको तिथली भोकं डिंकाने बुजवायची आणि जाळं सालीच्या कागदावर टेकवून वरून रंग ओढायची. प्रत्येक रंगाला वेगळं जाळं. आधी काजळीचा काळा, मग हळद, मग पळस, आणि सगळ्यात शेवटी जांभळाचा गडद रस. वर्षाला एक चित्र. चाळीस प्रती झाल्या की सरकारी घोरपड यायची, प्रत्येक प्रतीवर आकडा आणि शिक्का मारायची आणि शेपटीच्या फटक्याने जाळी फाडून टाकायची. कोळीण चौकटी पुसून ठेवायची आणि पुन्हा विणायला बसायची.

चित्रं जहाल असत. एकात लांडगे पुढ्यात ताटं मांडून मेंढरांच्या तक्रारी ऐकत होते. एकात मगर कोठाराची किल्ली गिळत होती. "काय झणझणीत काढलंय!" म्हणत प्राणी रांगा लावायचे. त्या मगरीने तर स्वतःच्या चित्राची पहिली प्रत घेतली आणि महिनाभर पाहुण्यांना कौतुकाने दाखवली. मग तिनेही ती सागाच्या पानांत गुंडाळून अंधारात ठेवली. संग्रह करणारे सगळे असंच करत. उन्हाने रंग उडतो आणि रंग उडालेल्या प्रतीला कोणी विचारत नाही.

कोळीण मात्र प्रत हातात देताना प्रत्येकाला एकच विचारायची, "उन्हात लावाल ना?"

सगळे हो म्हणायचे आणि बाहेर पडल्यावर हसायचे. छापण्यात एवढी हुशार बाई, पण रंगातलं काही कळत नाही, असं त्यांचं ठाम मत होतं.

हसत नसे तो एक खवल्या. हा मुलखाचा भित्रा प्राणी. अंगभर खवले, पण पोट मऊ. म्हणून जरा कुठे खुट्ट झालं की नाक शेपटीत खुपसून त्याचा चेंडू व्हायचा. रांगेत तो नेहमी शेवटी उभा राही, त्यामुळे त्याच्याकडच्या सगळ्या प्रती चाळिसाव्या होत्या. अशा एकतीस. दिवसाला एक चित्र तो बिळात उलगडायचा, डोळे भरून बघायचा आणि पुन्हा गुंडाळून ठेवायचा. आपल्याला जे बोलायची छाती नाही ते निदान आपल्या घरात आहे, याचं त्याला फार समाधान होतं. समाधान खरं होतं, त्याची टिंगल करण्यात अर्थ नाही.

बत्तिसाव्या वर्षी उन्हाळा लागायच्या आतच सार्वजनिक मधाचं कोठार रिकामं झालं. आजाऱ्यांसाठी आणि पिल्लांसाठी ठेवलेला मध कुठे गेला, ते कोणी सांगेना. आता कोळीण काय काढते, याकडे सगळ्यांचे डोळे लागले. ती थकली होती, आठातले तीन पाय धड चालत नव्हते. तरी तिने चित्र काढलं. चित्रात अस्वल महाराज हात जोडून उभे होते, चेहरा प्रेमळ, अंगावर जमिनीपर्यंत लोळणारी जांभळी शाल. बस, एवढंच.

"म्हातारी विकली गेली," रांगेतून कोणीतरी म्हणालं, आणि रांग मोडली. दरबाराने एकोणचाळीस प्रती एकदम उचलल्या आणि तळघरात, उजेडाचा कवडसाही शिरणार नाही अशा खोलीत, जिवापाड जपून ठेवल्या. उरलेली एक खवल्याने घेतली. मान वर न करता.

"तुलाही नाही आवडलं," कोळीण म्हणाली.

"तसं नाही, कोळीणबाई."

"बरं. उन्हात लावशील ना?"

"हो," खवल्या म्हणाला. ते खोटं होतं, आणि दोघांनाही ते माहीत होतं.

त्यानंतर तिच्या दाराशी कोणी फिरकलं नाही. डिंक आणणाऱ्या खारी येईनाशा झाल्या, काजळी देणाऱ्या कावळ्यांनी पाठ फिरवली. ती अंथरुणाला खिळली. ती जाणार, आणि हाच डाग घेऊन जाणार, हे खवल्याला सहन होईना. तो भेटायला गेला.

"सगळ्यांकडे बत्तीस वर्षं एकच गोष्ट मागितली रे," ती म्हणाली. "एकानेही केली नाही."

"पण रंग जाईल ना, कोळीणबाई!"

"जाईल की. मग?"

खवल्या तीन दिवस प्रत मांडीवर घेऊन बसला. म्हातारीला भ्रम झाला असेल तर तिच्या हातचं शेवटचं चित्र कायमचं हातातून जाणार होतं. आणि न लावावं, तर ती एवढीशी इच्छा मनात घेऊन जाणार. चौथ्या दिवशी सकाळी तो चौकात आला आणि पिंपळाच्या बुंध्यावर, ऊन थेट पडेल अशा बाजूला, बाभळीच्या काट्यांनी त्याने ती प्रत ठोकली.

"अरे, नासवलीस की!" संग्राहक ओरडले. ठोकल्यापासून पाचव्या दिवशी जांभळा विटला. खवल्याला रडू आलं, पण त्याने प्रत काढली नाही.

आठव्या दिवशी शालीच्या काठाशी एक काळी रेघ दिसली. काजळीची. शाल जसजशी फिकी होत गेली तसतशा खालून रेघा वर आल्या. आधी मधाची पोळी, एकावर एक रचलेली, महाराजांच्या छातीपर्यंत. मग त्या पोळ्यांना तोंड लावून बसलेले लांडगे आणि मगर. मग घोरपड, एका हातात शिक्का धरलेली आणि दुसरा हात चाटणारी. चौकात गर्दी मावेना. अकराव्या दिवशी महाराजांच्या पायाशी, शालीच्या उबेत, एक चेंडू दिसला. खवल्यांचा. नाक शेपटीत, डोळे मिटलेले, पोटाशी कागदांची गुंडाळी. कोणीतरी हसलं, पण त्याला साथ मिळाली नाही.

घोरपड प्रत फाडायला धावत आली आणि थबकली. कोपऱ्यात तिचाच शिक्का होता. शिक्क्याच्या प्रतीला धक्का लावणं हा गुन्हा होता. आपापले संग्रह सुरक्षित राहावेत म्हणून दरबाऱ्यांनीच तो कायदा करून घेतला होता. ती हुकूम आणायला माघारी पळाली. तळघराला दुसरं कुलूप लागलं.

खवल्या कोळिणीला पाठीवर बसवून चौकात घेऊन आला. ती बराच वेळ चित्राकडे बघत राहिली. खारी पुढे आल्या. एकीने डिंकाचा खडा तिच्यापुढे ठेवला.

"मला एवढा गोल काढलात?" खवल्याने विचारलं.

"तू तसाच बसतोस, बाळा."

"आणि बाकीच्या एकतीस चित्रांत? त्यांच्याही खाली...?"

"मला काय विचारतोस? ऊन पडलंय की."

खवल्या बिळाकडे धावला. सागाची पानं सोडवत, एकेक चित्र आणून तो बुंध्यावर, कुंपणावर, पाराच्या कडेला ठोकत गेला. खारी काटे पुरवत होत्या. एकतिसाव्या चित्राला काटे संपले. दरबाराच्या रस्त्यावर धूळ उठली होती, हुकूम घेऊन शिपाई येत होते. खवल्याने ते चित्र दोन्ही पंजांत डोक्यावर उंच धरलं, उन्हाकडे तोंड केलं आणि मऊ पोट उघडं टाकून तो मागच्या पायांवर सरळ उभा राहिला.