मिरीशिवाय आहे तरी काय?

समुद्रकाठच्या एका चिमुकल्या राज्यातून मिरीशिवाय काहीच बाहेर विकलं जात नसे, आणि ती घ्यायला एकच परदेशी सौदागर येई. एका वर्षी वादळात शिडं फाटलेलं गलबत घेऊन तो बंदराला लागला आणि दरबारात येऊन मिशीला पीळ देत म्हणाला, "यंदा मिरी अर्ध्या भावात. नाही तर मी चाललो. मिरीशिवाय तुमच्याकडे विकण्यासारखं आहे तरी काय?"

राणी चिमाबाईंना ठाऊक होतं, मिरी पडून राहिली, तर राज्यात चूल पेटणार नव्हती. दिवाण केसोपंत हळूच म्हणाले, "बाईसाहेब, कबूल करून टाका." पण राणीसाहेब खिडकीतून त्या गलबताकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "बरं, या आपण."

सौदागर चपापला, पण ऐट सोडीना. "जातोच. तेवढं शिडांचं कापड, काथ्याचे दोर आणि वाटेपुरती सुकी मासळी गलबतावर चढवायला सांगा."

"ते कुठून आणू?" राणीसाहेब शांतपणे म्हणाल्या. "मिरीशिवाय आमच्याकडे विकण्यासारखं काही नाही, असं आपणच आत्ता म्हणालात."

दरबारात खसखस पिकली. सौदागराने मुकाट्याने पुऱ्या भावात मिरी घेतली, शिवाय दोर, कापड आणि मासळीचेही चोख पैसे मोजले.

पंत खुशीत आले, पण राणीसाहेबांच्या येरझाऱ्या थांबेनात. "पंत, पुढच्या वर्षी सौदागर दोर घरूनच घेऊन येईल," त्या म्हणाल्या. "त्याच्या आत आपले दोर आणि आपली शिडं दुसऱ्या बंदरांत पोचली पाहिजेत. माणसं आजच धाडा."