थांबलेल्या रक्ताची साक्ष

“थांबलेलं रक्त पुन्हा वाहतंच कसं, अहो? जिभेने उकरते ती. माहेरी जायचं निमित्त हवंय, दुसरं काय!”

एकदा एका कापडव्यापाऱ्याच्या घरी नव्याने आलेल्या सुनेने हे वाक्य ऐकले. ते तिच्यासाठी नव्हते. सासूबाई ते सासऱ्यांना सांगत होत्या, आणि ती तोंडात कापसाचा बोळा धरून दाराच्या अलीकडे उभी होती. बोलता येत नसल्यामुळे ऐकू जास्तच चांगले येत होते.

तिची दाढ काढली होती. रक्त तासाभरात थांबले, सगळ्यांनी पाहिले. पहाटे उशी लाल. पुन्हा दाबून धरले, पुन्हा थांबले. दुपारी भात कालवताना पुन्हा सुरू. तेव्हापासून सासूबाई तिच्या जबड्याकडे अशा बघत, जणू गच्चीवर पापड वाळत आहेत आणि कावळा जवळच कुठेतरी आहे. सासरे धागा जाळून कापड ओळखणारे. सुतात भेसळ आहे की नाही ते त्यांना वासावरून कळे. माणसांच्या बाबतीतही ते वास घेतच बसत. नवरा मालखरेदीला सुरतेला गेला होता. तो यायच्या आत रविवारी तिला माहेरी पोचवायचे आणि तिच्या वडिलांना “मुलगी खोटं वागते” असे तोंडावर सांगायचे, हे दोघांचे ठरले. त्याआधी, लोकांनी नावे ठेवू नयेत म्हणून, गावातल्या वृद्ध डॉक्टरांना दाखवून घ्यायचे. त्यांना सारे अण्णा म्हणत.

अण्णा आले ते आपल्या शिष्याला घेऊन. शिष्य नुकताच डॉक्टर झालेला, हुशार आणि घाईचा.

अण्णांनी सुनेचे तोंड पाहिले, पण दाढेविषयी काही बोलले नाहीत. शिष्याला म्हणाले, “हिच्या बोटाला सुई टोच. आणि वहिनींच्याही.”

“माझ्या कशाला? मला काय झालंय?” सासूबाई चमकल्या.

“काही झालं नाही म्हणूनच.”

दोन बोटे, दोन लाल थेंब. शिष्य टिपकागदाने टिपत राहिला. थोड्या वेळात दोन्ही बोटे एकदमच कोरडी झाली.

“अण्णा, दोघींचं सारखंच थांबलं,” शिष्य म्हणाला. “दोष दिसत नाही.”

“बघा!” व्यापारी पुढे सरसावले. “मी काय म्हणत होतो? नाटक आहे सगळं.”

अण्णांनी शांतपणे हात पुसले. “हे सारखं थांबलं, म्हणूनच माझा हिच्यावर विश्वास बसतोय.”

कोणालाच काही कळले नाही. सुनेलाही नाही. तिला वाटले, हा म्हातारा एकतर फार शहाणा आहे, नाहीतर त्याला ऐकू कमी येते.

“वहिनी, लग्नात हिला बोहल्यावर कोणी आणलं?” अण्णांनी विचारले.

“चुलतमामाने. सख्खा आहे म्हणे एक, पण तो आलाच नाही. मला तेव्हाच खटकलं होतं.”

सुनेने मान खाली घातली. आईने निघताना कानात सांगितले होते: मामाचा विषय काढू नकोस, धाकटीचं लग्न व्हायचंय अजून.

अण्णांनी तिच्याकडे पाहिले, पण तिला काही विचारले नाही. ते शिष्याकडे वळले. “रक्तवाहिनीला जखम झाली की ती आधी काय करते?”

“आकुंचन पावते. तिच्या अस्तरातून काही पेप्टाइडं सुटतात, ती तिला आवळायला लावतात.”

“म्हणजे इवलेसे रेणू, शेठजी. ते भिंतीला म्हणतात, आवळ. भिंत आवळते, रक्तातले बारीक कण येऊन भोकावर बूच बसवतात, आणि रक्त थांबतं. हिचं इथवर सगळं ठीक आहे; ते या बोटाने सांगितलं. पण आवळ काही वेळाने सैल होतेच. तोवर त्या बुचावर जाळं विणून व्हावं लागतं. हिच्या रक्तात ते जाळं विणणारा घटक कमी असावा. मग बूच निसटतं. थांबलेलं रक्त पुन्हा वाहतं ते असं. खरं काय ते तपासणीत कळेल.”

“मग आवळणारं औषधच वाढवून द्यावं,” शिष्य घाईने म्हणाला.

“आवळूनच ठेवलेल्या भागाला रक्त कुठून मिळणार? तो काळा पडेल. गंमत उलटी आहे. असल्याच एका आवळणाऱ्या पेप्टाइडात शास्त्रज्ञांनी थोडा बदल केला आणि त्याचं आवळणं जवळजवळ काढून टाकलं. तेव्हा भिंत स्वतःजवळ साठवलेलं विणायचं सामान आपणहून रक्तात सोडू लागली. काही रुग्णांना तेवढं पुरतं.”

मग ते व्यापाऱ्यांना म्हणाले, “शंका ही घराची आवळ आहे, शेठजी. काही लागलं की घर आवळून घेतं, त्यात वावगं नाही. पण तसंच आवळून बसलात, तर भिंतीत जे आहे ते बाहेर येणार नाही. आणि मला ते हवंय. हा दोष बहुधा आईकडून येतो. मामाच्या अंगात उघड दिसतो, भाचीत लपून बसतो, कधी असा डोकावतो.”

“म्हणजे लग्न ठरवतानाच आम्हाला फस—”

“तुम्ही जरा गप्प बसा हो,” सासूबाई म्हणाल्या. त्या आपल्या टोचलेल्या बोटाकडे बघत होत्या. मग त्यांनी पाण्याचा पेला सुनेपुढे सरकवला. “बोल तू. तुझ्या आईला मी त्यावरून काही विचारणार नाही. धाकटीचं लग्न व्हायचंय, तिथेही कुठे बोलणार नाही.”

सुनेने बोळा काढला, चूळ भरली, पदराने ओठ टिपले.

“मामा लग्नाला आले होते,” ती म्हणाली. “मांडवामागे, आचाऱ्यांच्या बाजूला खुर्चीवर बसून होते. गुडघ्यांत रक्त साठून साठून त्यांचे पाय आखडलेत, लहानपणापासून. आईने त्यांना पुढे येऊ दिलं नाही. अक्षता त्यांनी तिथूनच टाकल्या. एवढं मी लपवलं. दाढ मी उकरली नाही.”