तात्यांचा दाढीचा ब्रश

"...पण नाना, एवढं करूनही मन भरत का नाही?"

अवधूतनाना मठाच्या ओट्यावर दाढी करत बसले होते. त्यांनी आरशातूनच हेमंतकडे पाहिलं आणि वस्तरा खाली ठेवला.

हेमंत खरोसेकर त्यांचा जुना शिष्य. हाती घेतलेलं काम तडीस नेल्याशिवाय स्वस्थ न बसणारा, आणि ते चारचौघांनी पाहावं असं वाटणारा. आज त्याने वडिलांचा दाढीचा ब्रश रुमालात गुंडाळून आणला होता. ट्रंकेच्या तळाशी सापडला तेव्हा साबण वाळून केसांची पार काठी झाली होती. हेमंतने तो व्हिनेगरच्या पाण्यात भिजवला, बारीक फणीने केस सोडवले, निखळलेला झुबका मुठीत पुन्हा चिकटवला, मूठ हस्तिदंतासारखी चकचकीत केली. घरी येणारा प्रत्येक जण थक्क होतो, हे सांगायलाही तो विसरला नाही.

"तात्यांना दाखवलास?"

तात्या म्हणजे त्याचे वडील. अर्धांगवायूने त्यांची वाचा गेली होती. मागच्या खोलीत पडून असत.

"दाखवला ना. बराच वेळ बघत राहिले... मग स्वतःच्या गालावर हात फिरवला. जुने दिवस आठवले असतील."

"दाढी कोण करतं त्यांची?"

"माणूस येतो. त्याला सवड होईल तसा..."



नानांनी तो ब्रश उचलला आणि वाटीतल्या गरम पाण्यात बुडवला. हेमंत चटकन पुढे झाला. काचेच्या कपाटात ठेवायचाय, केस पुन्हा विस्कटतील, असं काहीसं म्हणू लागला. नानांनी साबणावर ब्रश गोल गोल फिरवला आणि फेस हेमंतच्याच गालाला लावला. हळूहळू, कानापासून हनुवटीपर्यंत.

हेमंत बोलायचा थांबला.

लहानपणी तो तात्यांना खेटून बसायचा. स्वतःची दाढी आटोपली की तात्या उरलेला फेस त्याच्या गालाला लावत, आणि तो खिदळत सुटे.

तात्यांच्या गालाला आपण शेवटचा हात कधी लावला, ते काही केल्या त्याला आठवेना.

त्याचे डोळे भरून आले. फेस पुसायचंही सुचलं नाही.

"मला जमेल का, नाना? दुसऱ्याची दाढी मी कधी..."

नानांनी ब्रश धुतला, झटकला आणि ओलाच त्याच्या हातात दिला.

"पाणी आधी त्यांच्या चांगल्या हाताला लावून बघ. फार गरम नको."